सहावे बोट

मे महिन्यात दीपनगरला संध्याकाळी सात वाजेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकवत नाही. भुसावळचा उन्हाळा बाकीच्या महाराष्ट्राला वर्तमानपत्रातल्या आकड्यांवरून ठाऊक असतो. वीजकेंद्राच्या वसाहतीत तो फरशीतून, भिंतीतून आणि नळाच्या पाण्यातून कळतो. सुट्टीतल्या अशाच एका संध्याकाळी आमच्या घरी शेजारपाजारची मुले, दोन शिक्षकमित्र, केंद्रातून निवृत्त झालेले एक काका आणि समोरच्या काकू अशी मंडळी जमली. कूलरमध्ये पाणी भरले, केळ्याचे वेफर्स परातीत ओतले आणि ‘ज्वेल थीफ’ लावला.

चित्रपट १९६७ चा. इथला विजेचा पहिला संच त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झाला आणि केव्हाच सेवेतून गेला. चित्रपट मात्र अजून चालतो. काकांनी तो तरुणपणी थिएटरात पाहिला होता. त्यांना फक्त एकच अट घातली होती, की शेवट सांगायचा नाही. ती त्यांनी पाळली, पण त्यासाठी त्यांना बरेच वेफर्स खावे लागले.

विज्ञानाच्या मासिकात चित्रपटाचे परीक्षण कशासाठी, असे कोणी विचारील. आम्ही वर्गात पुरावा, निरीक्षण, अनुमान हे शब्द वर्षभर वापरतो. मुले ते पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. पण पुराव्यावरून आपण निष्कर्षाकडे जातो ते नेमके कसे, आणि वाटेत आपला पाय कुठे घसरतो, हे डोळ्यांसमोर घडताना दाखवायला प्रयोगशाळेत फारसे काही नसते. फसवणुकीवर उभा असलेला रहस्यपट ते दाखवतो. घरी पाहण्यात आणखी एक सोय आहे. थिएटरात गोष्ट आपल्याला ओढत नेते, घरी ती थांबवता येते. आम्ही तीन ठिकाणी चित्रपट थांबवला आणि प्रत्येकाला कागदाच्या चिठ्ठीवर एका प्रश्नाचे उत्तर लिहायला लावले. शेवट सांगितल्याशिवाय पुढचे काहीच लिहिता येणार नाही, तेव्हा ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा आणि मग हे पान उघडावे.

गोष्ट अशी. विनय (देव आनंद) हा मुंबईच्या पोलीस कमिशनरचा मुलगा. रत्नांची त्याला चांगली पारख आहे आणि एका सराफाकडे तो नोकरीला लागतो. शहरात रत्नांच्या चोऱ्या होत आहेत. इकडे विनयला अनोळखी माणसे ‘अमर’ म्हणून हाका मारू लागतात. एका समारंभात शालिनी (वैजयंतीमाला) त्याला सगळ्यांदेखत आपला वाग्दत्त वर म्हणते, तिचा भाऊ अर्जुनसिंग (अशोक कुमार) तिला दुजोरा देतो. विनय नाकारतो, प्रकरण हातघाईवर येते. तेव्हा अर्जुनसिंग एक कसोटी सुचवतो. अमरच्या पायाला सहा बोटे आहेत. तू अमर नसशील तर बूट काढून दाखव. विनय भर समारंभात बूट काढतो, मोजा काढतो. बोटे पाच. भाऊबहीण ओशाळतात, क्षमा मागतात, विनय सुटतो.

आम्ही इथे पहिल्यांदा चित्रपट थांबवला. प्रश्न होता: या प्रसंगावरून काय सिद्ध झाले?

जवळजवळ सगळ्यांनी एकच लिहिले. विनय हा अमर नाही. अमर म्हणून त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कोणीतरी आहे आणि तोच चोर असावा. आम्हीही पहिल्यांदा पाहिला तेव्हा अगदी हेच मानले होते. आता या उत्तराचे दोन तुकडे करून पाहावेत. ‘विनय हा अमर नाही’ हा पहिला तुकडा पाच बोटांवरून निघतो. ‘अमर आहे’ हा दुसरा तुकडा पाच बोटांवरून निघत नाही. तो कशावरूनच निघत नाही. तो प्रश्नातच गृहीत धरलेला होता. अमरला सहा बोटे आहेत असे कोणी म्हटले, की आपण बोटे मोजायला लागतो आणि अमरचे असणे तपासायचे राहून जाते. आणि कसोटी पार पडली की गंमत अशी होते, की ज्याची कसोटी झाली तो सुटतो, पण ज्याची झालीच नाही तो अमर मात्र पक्का होतो. सहा बोटांचा माणूस! इतका बारीक तपशील कोण कशाला रचील?

चित्रपटाच्या शेवटी कळते ते हे, की अमर नावाचा माणूस कधी नव्हताच. चोर आहे तो अर्जुनसिंग. पोलिसांनी अस्तित्वातच नसलेल्या माणसाच्या मागे धावावे म्हणून त्याने अमर रचला आणि त्याला विनयचा चेहरा दिला. सहावे बोट हा त्या रचनेतला सर्वांत हुशार भाग. ते नसते तर ‘विनय हाच अमर’ असा संशय राहिला असता आणि कमिशनरने तो कधीतरी तपासून निकालात काढला असता. सहाव्या बोटाने विनयला सोडवले आणि त्या मोबदल्यात अमरला जन्म दिला.

सहाव्या बोटाबद्दल आमच्याकडे आणखी एक वाद झाला. आठवीतल्या एका मुलाने विचारले, “पण त्यानं बोट कापून घेतलं असलं तर?” सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जादा बोटाने जन्मणारी मुले हजारात एखाददुसरे तरी आढळते, आणि शल्यक्रियेने ते बोट काढून टाकणे ही नेहमीची गोष्ट आहे. पुष्कळदा ते लहानपणीच काढतात, कारण चपला-बूट घालताना अडचण होते. म्हणजे पायाला सहा बोटे दिसली असती तर तो मोठा पुरावा झाला असता. पाच दिसणे हा तितका मोठा पुरावा नाही. कसोटी एका बाजूने कडक आणि दुसऱ्या बाजूने सैल असू शकते, ही गोष्ट रोगनिदानाच्या चाचण्यांविषयी समजावताना आम्हाला नेहमी जड जाते. त्या दिवशी ती एका बुटाने समजावली. काकूंनी मात्र शंका काढली की कापलेल्या बोटाचा वण राहील की नाही, आणि तो पाहायला कोणी खाली वाकले का? बरोबर आहे. कोणी वाकले नाही.

आता चित्रपट म्हणून त्याचे मोल. दिग्दर्शक विजय आनंद यांनी प्रेक्षकाला फसवले, पण लबाडी करून फसवले असे आम्हाला वाटत नाही. त्यांनी प्रेक्षकाची सवय वापरली. हिंदी चित्रपट पाहणाऱ्याला एकाच चेहऱ्याची दोन माणसे मुळीच अशक्य वाटत नाहीत. त्यातही हीच नवकेतन संस्था आणि हाच नायक. सहा वर्षांपूर्वी १९६१ च्या ‘हम दोनों’मध्ये देव आनंदने दुहेरी भूमिका केलेली. तेव्हा ‘तुझ्यासारखा दुसरा आहे’ असे कोणी म्हटले, की प्रेक्षक मनातल्या मनात म्हणतो, समजले, डबल रोल. तो दुसरा दिसण्याची तो वाट पाहत बसतो, आणि न दिसण्याबद्दल शंका घेत नाही, दिसेल मध्यंतरानंतर.

दुसरी सवय म्हणजे अशोक कुमार. खंडव्यात वाढलेला हा नट इकडच्या माणसांना शेजारचाच वाटतो. भुसावळहून निघालेली गाडी बुऱ्हाणपूर ओलांडून पुढे खंडव्यालाच जाते. १९४३ च्या ‘किस्मत’मध्ये त्यांनी पाकीटमाराची भूमिका केली होती, पण १९६७ पर्यंत ते सगळ्यांचे दादामुनी, समजूतदार वडीलधारे झाले होते. त्यांच्या तोंडून आलेले वाक्य आपण तपासत नाही. काका म्हणाले, की थिएटरात गुपित फुटले तेव्हा लोक चिडले होते. चोराने फसवल्याचा नव्हे, दादामुनींनी फसवल्याचा राग होता. वैज्ञानिक लेखनातही हे होते. एखाद्या निष्कर्षाखाली मोठ्या माणसाचे नाव असले की आकडे पुन्हा मोजायचा कंटाळा येतो.

दुसऱ्यांदा चित्रपट थांबवला तो मध्यंतरानंतर, विनय अमरचे सोंग घेऊन टोळीत शिरतो तिथे. यावेळचा प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मागणारा होता: अमर आहे का? सगळ्या चिठ्ठ्यांवर ‘हो’ होते. एका चिठ्ठीवर सातवीतल्या मुलीने ‘अजून दिसला नाही’ असे लिहिले होते. ‘हो-नाही’च लिहायचे सांगितले होते ना, असे म्हणून आम्ही ती चिठ्ठी बाजूला ठेवली. नंतर शेवट झाल्यावर ती परत उचलताना आम्हाला बरे वाटले नाही. तिथे जमलेल्यांत शिक्षक तिघे होतो, आणि तिघांनीही एकमेव बरोबर उत्तर नियमात बसत नाही म्हणून बाद केले होते.

शालिनीविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिथे चेहऱ्यांचे विज्ञान उपयोगी पडते. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्यात आपण किती कच्चे असतो हे गेल्या काही दशकांत अनेक प्रयोगांनी दाखवले आहे. त्यातला एक वर्गात करून पाहण्यासारखा आहे. २०११ साली ब्रिटनमधील संशोधकांनी दोन डच प्रसिद्ध व्यक्तींची प्रत्येकी वीस, म्हणजे एकूण चाळीस छायाचित्रे एकत्र मिसळली आणि लोकांना सांगितले, एका माणसाची छायाचित्रे एका गठ्ठ्यात ठेवा. ज्या ब्रिटिश लोकांना त्या व्यक्ती माहीत नव्हत्या त्यांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. प्रकाश बदलला, केस वळले, हसू आले की त्यांना माणूसच बदलल्यासारखा वाटे. डच लोकांनी, ज्यांना ते चेहरे परिचयाचे होते, बहुतेक वेळा दोनच गठ्ठे केले. आपल्याकडे एखाद्या दूरच्या शाळेतल्या दोन शिक्षकांची प्रत्येकी दहा-दहा छायाचित्रे त्यांच्या परवानगीने मागवली तर हाच प्रयोग नववीच्या वर्गात एका तासात होतो. गठ्ठे किती करायचे आहेत हे मात्र मुलांना आधी सांगू नये. त्यातच सगळी गंमत आहे.

याचा अर्थ असा, की ओळखीचा चेहरा आणि अनोळखी चेहरा ही आपल्या मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळी कामे आहेत. रस्त्यावरच्या माणसाने विनयला अमर म्हटले तर ती चूक सहज होण्यासारखी आहे. पण जिचे ज्याच्याशी लग्न ठरले आहे ती मुलगी त्याच्याजवळ उभी राहून, त्याच्याशी बोलून चुकावी, हे फार कठीण. दोन जुळे भाऊ असले तर गोष्ट वेगळी, पण जुळ्यांनाही घरची माणसे वेगळे ओळखतात. तेव्हा शालिनीच्या बोलण्याचे दोनच अर्थ उरतात: एक विलक्षण योगायोग किंवा खोटे. ‘हिची चूक झाली’ ही सर्वांत सोपी वाटणारी शक्यता खरे तर सर्वांत दुबळी आहे, आणि प्रेक्षक नेमकी तीच धरून बसतो. शालिनी खोटे बोलते ते धाकापोटी. तिचा लहान भाऊ टोळीच्या ताब्यात आहे. हा लहान भाऊ म्हणजे आपले सचिन पिळगावकर. आमच्याकडच्या मुलांना चित्रपटातले दुसरे काही नाही तरी एवढे नक्की लक्षात राहिले. दुसऱ्यांदा पाहताना शालिनीच्या चेहऱ्यावरची भीती वेगळीच दिसते. पहिल्यांदा ती विरहाची वाटली होती.

साक्षीदारांचे आणखी एक गणित आहे. अमर आहे असे चित्रपटात कितीजण सांगतात? मोजायला गेलो तर यादी लांबते. पण त्यातल्या महत्त्वाच्या साक्षींचा माग काढत मागे गेले की सगळ्या वाटा एकाच दाराशी येतात: अर्जुनसिंग. दहा माणसांनी सांगितलेली गोष्ट मुळात एकाकडूनच आली असेल तर ती दहा साक्षी नव्हेत, एकच साक्ष दहा वेळा. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. बारावीच्या प्रात्यक्षिकाच्या वह्यांत साध्या लंबकावरून काढलेले गुरुत्वत्वरणाचे मूल्य चाळीस मुलांचे दुसऱ्या दशांशापर्यंत सारखे आले, की आपण ते चाळीस प्रयोगांचे यश मानत नाही. एकच वही वर्गभर फिरली असे समजतो. तीच दक्षता आपण वर्तमानपत्र वाचताना घेत नाही.

निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेला २०१५ चा हिंदी ‘दृश्यम’ हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने मांडतो. गोव्यातला केबलचा धंदा करणारा नायक कंडक्टरला, हॉटेलवाल्याला, थिएटरातल्या माणसाला भेटून ‘दोन आणि तीन ऑक्टोबर’ ही तारीख त्यांच्या मनात रुजवतो. पुढे ते सगळे शपथेवर सांगतात, आणि त्यातला एकही खोटे बोलत नाही. ‘ज्वेल थीफ’मधले साक्षीदार खोटे आहेत, ‘दृश्यम’मधले प्रामाणिक, उगम दोन्हीकडे एकच. आम्हाला विचाराल तर प्रामाणिक साक्षीदार जास्त धोक्याचे, कारण उलटतपासणीत ते डगमगत नाहीत.

‘ज्वेल थीफ’च्या कच्च्या बाजू दोन. बोटांचे ठसे हा शब्द आमच्या तरी कानांवर आला नाही. कूलरच्या आवाजात निसटला असेल तर माहीत नाही. १८९७ साली कलकत्त्याला ठशांचे कार्यालय सुरू झाले. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, हेन्रीच्या नावाने जगभर गेली, पण तिच्यामागचे गणित बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. त्याला सत्तर वर्षे झाल्यावर मुंबईचा पोलीस कमिशनर चोराची ओळख बुटावरून पटवतो! हातांच्या बोटांकडे लक्ष गेले असते तर चित्रपट अर्ध्या तासात संपला असता हे खरे, आणि मग गंगटोक, राजदरबारातला तो नाच आणि सचिनदेव बर्मन यांचे संगीत या सगळ्याला आपण मुकलो असतो. तेव्हा ही चूक माफ.

दुसरी तितकी माफ करता येत नाही. टोळी विनयला विजेचे झटके देऊन त्याची स्मृती पुसते आणि तो स्वतःला अमर समजावा असा प्रयत्न करते. विद्युतझटक्यांचा उपचार १९३८ साली रोममध्ये प्रथम वापरला गेला आणि तीव्र नैराश्यासारख्या आजारांत तो आजही उपयोगी आहे. त्याने उपचाराच्या आसपासच्या काळातल्या आठवणी जाऊ शकतात. जुनी ओळख खरवडून तिच्या जागी नवी बसवणे त्याने होत नाही. भूल न देता हा उपचार करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. हिंदी चित्रपटांनी मात्र या उपचाराला छळाचे यंत्र करून ठेवले, आणि गावोगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांच्या मनातली भीती त्यातून वाढली असे आम्हाला वाटते.

चित्रपट संपल्यावर गप्पा लांबल्या आणि एका शिक्षकमित्राने जे म्हटले त्याने सगळे गप्प झाले. तो म्हणाला, “विनय सुटला तो पाच बोटांनी नाही. कमिशनरचा मुलगा म्हणून सुटला. बूट काढायची संधी तरी मिळाली त्याला.”

आपल्याच राज्यातली, आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या नाशिकची हकिकत सांगायला हवी. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळच्या एका वस्तीवर दरोडा पडला. पाचजणांचा बळी गेला. एक स्त्री आणि तिचा मुलगा जखमी होऊन वाचले. पुढे सहाजणांना अटक झाली. भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे गरीब लोक. ओळखपरेडीत आणि नंतर न्यायालयात त्यांना ओळखण्यात आले. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे त्यानंतर निष्पन्न झाले.

पुढे प्रकरण पुन्हा उघडले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. त्या निकालातला एक मुद्दा असा. वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर लगेचच, पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चौघांना ओळखले होते. हे चौघे त्या सहांपैकी नव्हते. त्या चौघांना अटक झाली नाही, त्यांच्याविरुद्ध तपासही झाला नाही. न्यायालयाने तपासावर आणि खटला चालवण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला राज्याला सांगितले. सोळा वर्षे ते तुरुंगात होते.

अमर नावाच्या माणसासाठी चित्रपटात सहावे बोट रचावे लागले. इथे काही रचावे लागले नाही. कागद फाइलीतच होता, तो कोणी वाचून पाहिला नाही. त्या स्त्रीलाही दोष देता येत नाही. ज्या रात्री आपली माणसे गेली त्या रात्रीचे अनोळखी चेहरे अंधारात पाहून किती लक्षात राहतील? आणि एकदा परेडीत एखाद्यावर बोट ठेवले की पुढे आठवतो तो परेडीतला चेहरा. मूळ चेहरा मागे पडतो. स्मृती अशीच चालते.

परदेशातही असे घडले आहे. लंडनमध्ये अ‍ॅडॉल्फ बेक नावाच्या माणसाला १८९६ साली दागिने लुबाडणारा ठक म्हणून अनेक स्त्रियांनी ओळखले आणि त्याला शिक्षा झाली. तो जॉन स्मिथ नावाचा जुना गुन्हेगार आहे असे पोलिसांचे म्हणणे होते. पण तुरुंगाच्या जुन्या नोंदीनुसार स्मिथची सुंता झालेली होती आणि बेकची झालेली नव्हती. म्हणजे बेकने आपला बूट काढून दाखवला होता. पाहणाऱ्यांनी बोटे मोजली नाहीत. सुटून आल्यावर १९०४ साली तशाच आरोपावरून तो पुन्हा दोषी ठरला, आणि तो अटकेत असतानाच खरा ठक पकडला गेला म्हणून वाचला. त्या गाजावाजातून १९०७ साली इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचे न्यायालय स्थापन झाले. अमेरिकेत ज्या शिक्षा पुढे डीएनए तपासणीने चुकीच्या ठरल्या, त्यांतल्या बहुसंख्य खटल्यांत साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखलेला होता.

आपल्याकडे ओळखपरेडीला आधार होता १८७२ च्या पुरावा कायद्याचा. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. परेड दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी, रांगेत दिसायला साधारण सारखी माणसे असावीत, साक्षीदाराला संशयित आधी दाखवलेला नसावा, हे पथ्य जुनेच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१४ च्या अहवालाने त्यात आणखी एका गोष्टीवर भर दिला: रांग दाखवणाऱ्यालाही संशयित कोण ते ठाऊक नसावे. औषधांच्या चाचणीत खरी गोळी कोणती हे रुग्णालाही माहीत नसते आणि देणाऱ्यालाही नसते, तीच ही युक्ती. देणाऱ्याच्या डोळ्यांतून, आवाजातून, नुसत्या “नीट बघा बरं” म्हणण्यातूनही उत्तर निसटते. तोंडी परीक्षा घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हे ठाऊक आहे. मुले प्रश्नापेक्षा आमच्या भुवयांकडे पाहून उत्तर देतात.

वर्गात हे घेता येते. तास चालू असताना ठरवल्याप्रमाणे एक अनोळखी माणूस आत येऊन खडूची पेटी घेऊन जातो. दोन दिवसांनी सहा छायाचित्रे दाखवायची, आणि त्यात तो माणूस ठेवायचाच नाही. निम्म्या मुलांना ‘यातला कोण होता?’ असे विचारायचे, उरलेल्या निम्म्यांना ‘यात तो आहे की नाही हे आम्हाला माहीत नाही’ असे सांगून विचारायचे. दोन्ही गटांची उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. एक काळजी घ्यावी: छायाचित्रे गावातल्या कोणाची नसावीत. उगाच एखाद्या भल्या माणसाच्या नावावर खडूची चोरी लागायची.

आम्ही जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर हा प्रयोग घेणार आहोत. उत्तरपत्रिकेत यावेळी ‘यात नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ या दोन चौकटी छापून घेतल्या आहेत. सातवीतल्या त्या मुलीला दाखवल्या तेव्हा ती म्हणाली, की आणखी एक मोकळी ओळ ठेवा.